भातकापणीनंतरची रवण

बारा अंडी ठेवली, दहा पिल्लं निघाली आणि महिना उलटेपर्यंत तीन उरली. हा हिशेब राजापूर तालुक्यात वाडीवाडीतून ऐकायला मिळतो. पाचल-रायपाटणच्या डोंगरपायथ्याला लोक मुंगसाचं आणि घारीचं नाव घेतात, नाटे-जैतापूरकडे पावसाचं. पण बारातली दहा पिल्लं कोंबडीने काढली, म्हणजे तिने तिचं काम चोख केलं. सात गेली ती तिच्या अंगाखालून बाहेर पडल्यावर. अंडी उबवायला तिला आपली फारशी गरज नसते. तिला कधी बसवायचं, कशावर बसवायचं आणि पिल्लं निघाल्यावरचे आठ आठवडे कसे काढायचे, हे मात्र घरच्या माणसाला पाहावं लागतं.

आधी वेळेचं बोलू, कारण कोकणात निम्मं यश तारखेवर असतं. खुडूक कधी बसायचं हे कोंबडी ठरवते. तिच्याखाली अंडी ठेवायची की तिला उठवायचं, हे आपण ठरवतो. आपल्या जिल्ह्यात जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत जमीन सुकत नाही, पेंढ्याला बुरा येतो, पिल्लाचं पीस एकदा भिजलं की ते काकडून मरतं. ओलसर मातीत रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात. बुरसलेल्या पेंढ्यातली बुरशी श्वासावाटे पिल्लांच्या फुप्फुसात जाते. पिल्लं चोच उघडून धापा टाकतात, घरातल्यांना सर्दी वाटते आणि चार दिवसांत डालगं रिकामं होतं. म्हणून मृगापासून नवरात्रापर्यंत खुडूक बसलेल्या कोंबडीला उठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरडी, उंच, बंदिस्त जागा असेल तरच अपवाद करावा.

उठवायची रीतही सांगतो, कारण त्यात उगाच क्रूरपणा होतो. नाकपुडीत पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं, पाय बांधून टाकणं यांतलं काहीही करू नये. खाली जाळी असलेल्या, चारी बाजूंनी वारा लागणाऱ्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवावं. आत पेंढा घालायचा नाही, दाणापाणी भरपूर द्यायचं. पोटाखालून वारा लागला की अंगातली ऊब ओसरते आणि बसण्याची ओढ कमी होते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते.

रवणाचा, म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसवण्याचा, खरा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो. खळ्यावर झोडणी झालेली असते, सांडलेले दाणे कोंबड्या आठवडेच्या आठवडे टिपत असतात, पेंढा ताजा आणि खडखडीत कोरडा असतो, कुणग्यांत किडे-नाकतोडे अजून शिल्लक असतात. कोंबडी अंगाने भरते, अंड्यांची एक पाळी पुरी करते आणि कार्तिकात खुडूक होते. समजा १० नोव्हेंबरला अंडी ठेवली. १ डिसेंबरला पिल्लं निघतील, उन्हाळा तापायच्या आत ती तीन महिन्यांची होतील, आणि चाकरमानी मे महिन्यात घरी येतील तेव्हा त्यातले कोंबडे किलो-सव्वा किलोचे झालेले असतील. माघापर्यंत ठेवलेली अंडीही चांगली साधतात. फाल्गुनानंतर उष्म्याने अंड्यांची फळ धरण्याची ताकद घटते आणि कातळावरच्या घरांत तर कोंबडीच धापा टाकत बसते.

आता कोंबडी निवडू. पहिल्यांदाच अंड्यावर आलेली तलंग खुडूक झाली तरी तिच्यावर बारा अंड्यांची जोखीम टाकू नका. ती मधेच उठून जाते. दोन-तीन वेळा पिल्लं वाढवलेली, अंगाने भरलेली, माणसाला बुजत नाही अशी कोंबडी घ्यावी. खरी खुडूक ओळखणं सोपं आहे. ती रात्रीही घरट्यावरच असते, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, छातीची पिसं विरळ होऊन कातडी दिसते, तुरा फिकटतो आणि दिवसातून एकदाच उठून मोठी, वासाची शीट टाकते. तरीही दोन रात्री तिला जुनी, खूण केलेली अंडी देऊन पाहावी. तिसऱ्या दिवशी ती तशीच चिकटून असेल तर खरी अंडी ठेवावी.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूची गिरिराज या जाती परसात चांगल्या वाढतात, अंडीही गावठीपेक्षा पुष्कळ देतात. पण जास्त अंड्यांसाठी निवड करताना त्यांची खुडूक बसण्याची सवयच मोडली गेली आहे. कडकनाथही चांगली बसणारी नव्हे. तेव्हा सुधारित जात पाळायची असली तरी दोन-तीन गावठी कोंबड्या आईपणासाठी जपून ठेवा. छोटी उबवणी यंत्रं आता तालुक्याच्या गावीही मिळतात. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, आणि साध्या वळवाच्या पावसातही ती तासन्‌तास जाते. यंत्रात ३७.५ अंश तापमान एकवीस दिवस टिकवावं लागतं. पिल्लं निघाल्यावर पुन्हा बल्बची ऊब लागते, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची. गावठी कोंबडी हे दोन्ही विजेशिवाय करते, शिवाय पिल्लांना काय खायचं आणि कुठे लपायचं तेही शिकवते.

अंडी निवडताना सगळ्यात जास्त घाई होते. कोंबडीने घातलेली पंधरा-सोळा अंडी जशीच्या तशी तिच्याखाली राहू देतात, त्यातली पहिली तीन आठवड्यांची शिळी झालेली असतात. अंड्यातलं बीज चोवीस अंशांच्या वर हळूहळू जागं होऊ लागतं, आणि आपल्याकडे घरातली हवा बाराही महिने बहुधा त्याहून गरम असते. असं अर्धवट जागं झालेलं बीज पुढे मरतं. म्हणून थंडीत सात दिवसांच्या आतली आणि फेब्रुवारीनंतर चार-पाच दिवसांच्या आतलीच अंडी रवणाला घ्यावी, आधीची खाऊन टाकावी. रोज अंडं उचलायचं आणि घरट्यात खूण केलेलं एक ठेवायचं, म्हणजे कोंबडी जागा बदलत नाही. उचललेली अंडी माजघरातल्या थंड कोपऱ्यात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या टोपलीत, निमुळतं टोक खाली करून ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवलेली अंडी रवणाला घेऊ नयेत. अंडी धुवायची नाहीत. कवचावरचा पातळ थर जंतूंना अडवतो, तो धुतला की जातो. शेणामातीने माखलेलं, तडकलेलं, वाकडं, फार मोठं किंवा फार बारीक अंडं बाजूला काढावं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असेल तर बहुतेक अंडी फळ धरलेली असतात.

थंडीत गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली की कडेची अंडी आळीपाळीने गार पडतात आणि एक-दोन नव्हे, सगळ्यांनाच फटका बसतो. वनराजासारख्या जातीची मोठी अंडी असतील तर आठ.

घरट्यासाठी दीड फूट रुंदीची, सहा-आठ इंच खोल टोपली घ्या. तळाला चाळलेली कोरडी माती आणि थोडी चुलीची राख, वर यंदाचा पेंढा, मधे हाताने दाबून केलेला उथळ खळगा. खळगा फार खोल झाला तर अंडी एकमेकांवर चढतात. पेंढ्यात निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा सुकलेला पाला घातला तर उवा-पिसवांना थोडा आळा बसतो. बसवण्याआधी आठ दिवस कोंबडीच्या पंखांखाली, गुदाभोवती पिसं बाजूला करून पाहा. उवा असतील तर राखेत आणि मातीत तिला लोळायला द्या आणि जंताचं औषध पशुवैद्यकाला विचारून तेव्हाच उरका. उवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी टाकून उठते आणि त्याच उवा पिल्लांवर चढतात. टोपली पडवीच्या काळोख्या कोपऱ्यात किंवा मांगरात, जमिनीपासून हातभर उंच ठेवावी. ज्या फळीवर ठेवाल तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, कारण कवच फुटायच्या वेळी तांबड्या मुंग्या लागल्या तर कोवळं पिल्लू वाचत नाही. कोंबडीला नव्या जागी हलवायचं असेल तर अंधार पडल्यावरच हलवा. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागेकडे धावते.

पुढच्या एकवीस दिवसांत आपलं काम थोडं आहे. ती अंडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने फिरवते, मधली कडेला आणि कडेची मधे आणते. तिला फक्त रोज ठरावीक वेळी पंधरा-वीस मिनिटं उठू द्यायचं. जवळच अख्खं भात, नाचणी किंवा कणी आणि स्वच्छ पाणी ठेवायचं. स्वतःहून उठत नसेल तर दोन्ही हातांनी अलगद उचलून खाली ठेवायचं, आधी पंखांत अंडं अडकलं नाही ना ते पाहून. तेवढ्या वेळात दुसरी कोंबडी घरट्यात शिरून नवं अंडं घालून जात नाही ना, याकडे लक्ष असू द्या. म्हणूनच ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करावी. खुणेविना दिसलेलं अंडं त्याच दिवशी काढून घ्यायचं.

सातव्या रात्री अंडी उजेडावर पाहावी. मोबाईलच्या बॅटरीवर मूठ धरून तिच्या फटीवर अंड्याचं रुंद टोक टेकवा. फळ धरलेल्या अंड्यात एक काळसर ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. काहीच न दिसणारं, स्वच्छ उजळणारं अंडं निर्बीज असतं. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर बीज मेलेलं आहे. ही दोन्ही काढून टाका, कारण तीच पुढे कुजतात आणि फुटून बाकीची नासवतात. दोन कोंबड्या एकाच रात्री बसवल्या असतील तर या पाहणीनंतर उरलेली अंडी नीट वाटून देता येतात. एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं एकीच्या पदरात घालून दुसरीला मोकळी करता येते. हे मात्र रात्री, आणि पिल्लं दोन-तीन दिवसांची होण्याआधीच करायचं. पुढे कोंबडी परक्या पिल्लांना टोचते. पिल्लं बारा-तेराच्या वर जात असतील तर दोघींकडे ठेवावी.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला बारीक तडा जातो. तिथून पिल्लू बाहेर यायला अर्धा दिवसही लागू शकतो. या वेळी कवच सोलायचा मोह आवरा. आतलं पिल्लू शेवटचं रक्त आणि बलक पोटात ओढून घेत असतं. आपण घाईने उघडलं तर रक्त वाहून ते जातं. हवा फार कोरडी असेल तर आदल्या दोन दिवसांत टोपलीभोवती पाण्याचा हलका शिडकावा करावा. कोंबडीला उठवायचं नाही, सारखं डोकावायचं नाही. निघालेली पिल्लं भुकेने मरतील अशी भीती वाटते, ती खोटी आहे. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. रिकामी कवचं काढा. बाविसावा दिवस सरला तरी न फुटलेली अंडी उचला, नाहीतर कोंबडी त्यांच्यासाठी बसून राहते आणि निघालेल्या पिल्लांची आबाळ होते.

खरा कस लागतो तो यानंतर.

पहिले दहा-पंधरा दिवस आई आणि पिल्लं मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात, भाताच्या तुसाच्या अंथरुणावर ठेवावी. तूस रोज हाताने उलटावं, ओलं झालेलं काढून टाकावं. सकाळचं कोवळं ऊन तासभर द्यावं. लगेच रानात सोडलेली कोंबडी पिल्लांना लांबवर चालवते. दवाने भिजलेली, दमलेली पिल्लं मागे पडतात आणि त्यांनाच घार उचलते. पाणी पसरट ताटलीत, आत गोटे ठेवून द्या. वाटीत बुडून मेलेली पिल्लं सगळ्यांनीच पाहिली आहेत.

खाण्याचं सांगायचं तर आपल्याकडे पिल्लांना नुसती कणी टाकतात. कणीने पोट भरतं, पण पिल्लाला पहिल्या सहा आठवड्यांत शंभर ग्रॅम खाद्यामागे सुमारे वीस ग्रॅम प्रथिनं लागतात आणि कणीत ती सात-आठच असतात. पिसं नीट फुटत नाहीत, पंख लोंबतात, साध्या थंडीने पिल्लू जातं. जमत असेल तर पिल्लांचं तयार खाद्य, म्हणजे स्टार्टर, एक-दोन पिशव्या आणा. दहा पिल्लांना फार लागत नाही. नाही तर घरच्या घरी भरडलेली कणी आणि नाचणी, शेंगदाण्याची पेंड आणि जवळ्याची पूड मिसळा. नाट्याच्या बाजूला सुका जवळा सहज मिळतो. फक्त तो मीठ न लावलेला हवा, जास्त मिठाने पिल्लं दगावतात. पेंडेला बुरशी नसावी, त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. वाळवी हे पिल्लांचं उत्तम खाणं आहे. मडक्यात ओलसर पेंढा आणि सुकं शेण भरून संध्याकाळी वारुळाच्या तोंडावर पालथं घाला. सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं. जिथे वाळवीचं औषध मारलंय त्या बागेतली वाळवी मात्र चुकूनही घालू नका. आणखी एक, हे चांगलं खाद्य आईच फस्त करते. म्हणून बांबूच्या कामट्यांचं असं झाकण करा की फटीतून पिल्लू आत जाईल आणि कोंबडी बाहेर राहील. त्याच्या आत खाद्य आणि बाहेर आईसाठी भात.

शत्रू दोन वेळांचे असतात. दिवसा घार, शिक्रा, कावळा, भारद्वाज, घरचं मांजर आणि मुंगूस. रात्री साप, रानमांजर, घूस आणि उंदीर. दिवसासाठी परड्यात झुडपं, लाकडांचा ढीग, एखादा उतरता झाप असा आडोसा ठेवा. आईने इशारा दिला की पिल्लांना धावत जायला चार पावलांवर जागा हवी. रात्रीसाठी खुराडं चिऱ्याच्या भिंतीचं किंवा दोन फूट उंच खांबांवरचं, आणि खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी. मोठ्या भोकांच्या जाळीतून घूस पिल्लाचा पाय बाहेर ओढते. पावसाळ्यात वापरलेल्या खुराड्याला पिल्लं ठेवण्याआधी चुना मारून दोन दिवस उन्हाने सुकू द्या.

यापेक्षा मोठा घात राणीखेत करतो, ज्याला आपण मानमोडी म्हणतो. हिरवी पातळ शीट, मान वळणं, आणि आठवड्याभरात वाडीच्या वाडी साफ. यावर उपाय नाही, लस आहे. लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना, आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात. सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्यात राणीखेतची आर-टू-बी, कातडीखाली टोचून. १ डिसेंबरची पिल्लं असतील तर ही शेवटची लस २६ जानेवारीच्या सुमारास पडते, म्हणजे उन्हाळ्यातली मर सुरू व्हायच्या आत. आईलाही रवणाआधी लस झालेली असेल तर पहिल्या काही दिवसांचं संरक्षण पिल्लाला बलकातूनच मिळतं.

अडचण एवढीच की लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठी असते, ती बर्फात आणावी लागते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कुणी आणत नाही आणि म्हणून कुणाकडेच लस होत नाही. यावर मार्ग वाडीने मिळूनच काढावा. चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात अंडी ठेवली तर पिल्लं एका वयाची होतात, कुपी एक पुरते, आणि राजापूरहून थर्मासमधून बर्फासकट ती आणायला एकच माणूस लागतो. बचत गटातल्या बायकांनी हे काम हातात घेतलं तर फारच चांगलं, कारण कोंबड्यांचा सगळा व्यवहार त्यांच्याच हाती असतो. आजारी पिल्लांना लस देऊ नका. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात शिटेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यातून रक्ती हगवणीचं औषध आणा, ते पाण्यातून द्यायचं असतं. उशीर केला तर दोन दिवसांत निम्मी जातात.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, सोबत कावळेही मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात दापोलीला मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. अशा वेळी मेलेला पक्षी खाऱ्यात किंवा वहाळात फेकायचा नाही, विकायचा नाही, खायचा तर नाहीच. पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर कळवायचं.

सहा ते आठ आठवड्यांत पिल्लांना पुरी पिसं येतात आणि आई त्यांना टोचू लागते. तेव्हा ती वेगळी करा. आपणहून वेगळी केली तर कोंबडी लवकर अंड्यावर येते आणि माघ संपायच्या आत एक रवण आणखी साधते. पिल्लांतले कोंबडे तुऱ्यावरून तिसऱ्या महिन्यात स्पष्ट ओळखू येतात. ते मेपर्यंत विकायचे किंवा घरच्यांसाठी ठेवायचे. तलंगांपैकी ज्यांची आई शांत बसणारी होती, पिल्लं राखणारी होती, त्या दोन-तीन ठेवून घ्या. त्यांच्याच भावाला मात्र घरात कोंबडा म्हणून ठेवू नका. सख्ख्या रक्ताच्या अंड्यांत पिल्लं कमी निघतात आणि निघालेली अशक्त असतात. दर दोन वर्षांनी कोंबडा दुसऱ्या गावचा आणावा, ओणीच्या माणसाने जैतापूरचा, जैतापूरच्या माणसाने पाचलचा. आणला की लगेच घरच्यांत सोडायचा नाही, पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवून, शीट आणि डोळे पाहून, लस देऊन मगच.